माय फादर आर टीचर : चुकलेल्या वाक्यामागचे व्याकरण

शिक्षणाच्या माध्यमाविषयी आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. 1840 च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते, तर कर्नल जर्विस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांची बाजू लढवत होते. त्यानंतर पिढ्या बदलल्या, पक्ष-प्रतिपक्षांची नावे बदलली, युक्तिवाद मात्र फारसे बदलले नाहीत. या सगळ्या वादात एक व्यक्ती नेहमी गैरहजर राहिली आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीच्या विज्ञान शाखेत पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थी तो. माध्यमाचा निकाल लागेपर्यंत त्याला थांबता येत नाही. त्याची पहिली घटक चाचणी थोड्याच आठवड्यांत असते.

या लेखात माध्यमाचा वाद आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो आहोत. मुलगा इंग्रजीच्या वर्गात येऊन बसलेला आहे, एवढे गृहीत धरू. समोर उभ्या असलेल्या शिक्षकाने त्याला कसे वाचावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आम्ही दोघे तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. इंग्रजी हा आमचा विषय नाही, आणि आमचे स्वतःचे इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेले, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधाराने उभे राहिलेले आहे. तरीही गेल्या काही वर्षांत इंग्रजी विभागातले आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेतले तरुण सहकारी विद्यार्थ्यांची वाक्ये घेऊन आमच्याकडे येऊ लागले. प्रथम ती वाक्ये चहाबरोबरची करमणूक म्हणून येत. पुढे ती प्रश्न म्हणून येऊ लागली. मुलाला कोठे पोहोचवायचे हे इंग्रजीच्या शिक्षकाला पक्के ठाऊक असते, पण मूल निघाले कोठून, याची माहिती मराठीच्या शिक्षकाकडे अधिक असते. या दोघांनी एकमेकांशी बोलावे, हा साधा व्यवहार आपल्या महाविद्यालयांतून सहसा घडत नाही.

शीर्षकातले वाक्य अशाच एका चहाच्या वेळी आले. ‘माय फादर आर टीचर’. इंग्रजीच्या दृष्टीने कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, तेव्हा वाक्य अशुद्ध, त्याखाली लाल रेघ. आता हेच वाक्य मराठीत म्हणून पाहावे : ‘माझे वडील शिक्षक आहेत.’ वडील एकच, पण क्रियापद अनेकवचनी. हे आदरार्थी बहुवचन. त्या मुलाने इंग्रजीत जाताना वडिलांचा मान सोबत नेला, एवढेच घडले. ‘माय फादर इज’ हे त्याच्या कानाला ‘माझा बाप आहे’ असे ऐकू येते. त्याला कर्ता-क्रियापदाचा मेळ समजत नाही, असे निदान करणारा शिक्षक त्याला ‘ही गोज, दे गो’ची वीस वाक्ये गिरवायला देईल, आणि मुलगा एकविसाव्या वाक्यात वडिलांना पुन्हा ‘आर’ लावील. दोष त्याच्या व्याकरणात नाहीच. इंग्रजीत आदर क्रियापदात राहत नाही, तो शब्दांच्या निवडीत आणि स्वरात राहतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते एकदा मराठीतून सांगितले की दोन मिनिटे लागतात.

आदराचाच दुसरा अवतार असा. शिक्षकांच्या खोलीतून निघताना एखादी मुलगी म्हणते, ‘आय ॲम कमिंग, सर.’ सर गोंधळतात, कारण ती तर चालली आहे. आपल्या घरांतून ‘जातो’ म्हणणे अशुभ, निरोप ‘येतो’ म्हणूनच घ्यायचा. ती मुलगी शिष्टाचार पाळत असते. काही विद्यार्थी शिक्षकांशी बोलताना ‘यू’ हा शब्दच टाळतात. ‘व्हेन सर विल चेक द जर्नल?’ असे ते समोर उभ्या असलेल्या सरांनाच विचारतात. तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्यांवर वावरणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजी एकच ‘यू’ देते. गुरुजनांना तो लावावा तर ‘अरे-तुरे’ केल्यासारखे वाटते, म्हणून तो सर्वनामच गाळतो. याला भित्रेपणा म्हणावे की भाषिक संस्कार?

वाक्यरचनेकडे वळलो तर उदाहरणे आणखी बोलकी होतात. ‘व्हिच बॉय केम यस्टरडे, दॅट बॉय इज माय ब्रदर.’ हे ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ या जो-तो रचनेचे तंतोतंत रूप आहे. ‘ही टोल्ड टू मी’ मधला जादा ‘टू’ हा ‘मला’मधल्या ‘ला’चा वारस. ‘क्लोज द फॅन’ म्हणणाऱ्या मुलाच्या भाषेत दार, दिवा, पंखा, दुकान आणि प्रसंगी तोंडही ‘बंद’च केले जाते. इंग्रजीने या कामांसाठी वेगवेगळी क्रियापदे ठेवली आहेत, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नाही.

‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचा तर मराठी मुलांनी धसकाच घेतलेला असतो. काही जण ती सगळीकडे गाळतात, काही मीठ भुरभुरावे तशी सगळीकडे टाकतात. मराठीत उपपदे नाहीत, इतके सांगून शिक्षक पुढे जातात. पण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीची सुरुवात आठवावी. एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. पहिल्या वाक्यात ‘एक राजा’, दुसऱ्यात नुसता ‘राजा’. श्रोत्याला अनोळखी असलेला राजा ‘एक’ घेऊन येतो. ओळख झाल्यावर तो ‘एक’ गळून पडतो, आणि इंग्रजीत नेमक्या त्या रिकाम्या जागी ‘द’ येऊन बसतो. उपपदांचे सारे नियम यातून सुटत नाहीत, हे खरेच. परंतु ओळखीचा राजा आणि अनोळखी राजा हा भेद मुलाच्या डोक्यात पहिल्यापासून आहे, इंग्रजीने त्याला फक्त वेगळी खूण दिली आहे, हे कळल्यावर नियमाचे भय उरत नाही.

भाषाशास्त्राला ही दृष्टी नवी नाही. पिट कॉर्डर यांनी 1967 साली शिकणाऱ्याच्या चुकांचे महत्त्व सांगणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. नकळत झालेली घसरण वेगळी आणि पुन्हापुन्हा एकाच पद्धतीने होणारी चूक वेगळी, असा भेद त्यांनी केला. दुसऱ्या प्रकारची चूक ही शिकणाऱ्याच्या मनात त्या घडीला कोणती व्यवस्था काम करते आहे, याचा पुरावा असते. पुढे 1972 साली लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या व्यवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ असे नाव दिले. आपण तिला आंतरभाषा म्हणू. ती मातृभाषा नसते, लक्ष्यभाषाही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. शिवाय तिच्या सगळ्याच चुका मातृभाषेतून येत नाहीत. ‘ही गोड’ म्हणणारा मुलगा मराठीतून काही आणत नाही. त्याने इंग्रजीचाच भूतकाळाचा नियम पकडला आणि जरा अधिक निष्ठेने वापरला. म्हणजे ज्या वाक्याला आपण हसतो, ते वाक्य विचार करणाऱ्या मेंदूने रचलेले असते. अर्थ न कळता पाठ केलेले निर्दोष उत्तर मात्र आपण पूर्ण गुणांनी गौरवतो.

येथपर्यंतचा भाग वाक्यांचा झाला. वाक्ये निदान शिक्षकाच्या हाती पडतात. जो विद्यार्थी काहीच बोलत नाही, त्याचे काय?

काही वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या दिवसांत अकरावी विज्ञानाची एक मुलगी आमच्या विभागात आली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, दिवाळीनंतर सहा महिने घराला कुलूप, म्हणून ही वसतिगृहात राहणारी. हातात शाखा बदलण्याचा अर्ज होता. ‘मॅडम, मला आर्ट्सला यायचंय, मराठी घ्यायचंय.’ आमच्यापैकी एकीने विचारले, मराठीतले काय वाचायला आवडते? ती गप्प. मग विज्ञान का सोडायचे? ‘सर विचारतात तेव्हा मला काही सांगता येत नाही.’ काय विचारले होते सरांनी? ‘रिफ्रॅक्शन.’ तुला ते येत नाही का, असे विचारल्यावर ती थोडा वेळ थांबली. मग टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात तिने आमचे पेन उभे केले आणि म्हणाली, ‘पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचा वेग बदलतो, म्हणून तो वाकतो. पेन आहे तिथं दिसत नाही, वर उचलल्यासारखं दिसतं. हे अपवर्तन. दहावीला होतं आम्हाला.’

तिला भौतिकशास्त्र येत होते. येत नव्हता तो एक शब्द, आणि तो शब्द वापरून उभ्याउभ्या वाक्य करण्याची सवय. अपवर्तन, परावर्तन, संवेग, त्वरण, पेशी, केंद्रक, रेणू अशी सगळी मालमत्ता तिच्याजवळ होती. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्यावरची नावे बदलली गेली आणि ती निर्धन ठरली. वाणिज्य शाखेतही हेच घडते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे सुंदर शब्द मराठीतून शिकलेला मुलगा ‘जर्नल’, ‘लेजर’, ‘ट्रायल बॅलन्स’ आणि ‘बॅलन्स शीट’ यांच्यापुढे नवशिक्यासारखा उभा राहतो. ऋणको आणि धनको यांतला फरक त्याला नीट कळतो, तो ‘डेटर’ आणि ‘क्रेडिटर’मध्ये अडतो.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 साली दोन गोष्टींत भेद केला. रोजच्या संभाषणाची भाषा एक, आणि वर्गातल्या अमूर्त विचाराची भाषा दुसरी. स्थलांतरित मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरी यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. त्यांचे दुसरे म्हणणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या तळाशी समजुतीचा एक समाईक साठा असतो, आणि एका भाषेत कमावलेली संकल्पना दुसरीत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. मात्र कमिन्स यांचा भेद आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. टोरांटोच्या मुलाला मैदानावर आणि दुकानात इंग्रजी ऐकू येते. आमच्या मुलीला ते वर्गाबाहेर कोठेच ऐकू येत नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तरी तिच्या वाट्याला संभाषणाचे इंग्रजी आले नाही आणि विचाराचेही आले नाही. तिला मिळाले ते प्रश्नोत्तरांचे इंग्रजी, फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाणारे.

त्या अर्जाने आम्हांला आणखी एका कारणाने अस्वस्थ केले. मराठी विभागाला विद्यार्थी हवेच असतात. पटसंख्येवर आमची पदे अवलंबून आहेत. परंतु इंग्रजीने हाकललेला विद्यार्थी मराठीच्या दारात आला, म्हणजे मराठीचे काही भले झाले काय? आमचा विषय हे हरलेल्यांचे आश्रयस्थान झाले, तर त्यात मुलांचा अपमान आहे आणि विषयाचाही. मराठी साहित्य आवडीने घेणारा एक विद्यार्थी आम्हांला नाइलाजाने आलेल्या दहांपेक्षा मोलाचा वाटतो. भौतिकशास्त्र आवडणाऱ्या मुलीने भौतिकशास्त्रच शिकावे, यात मराठीचेही हित आहे.

आम्ही तिच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे गेलो. ते मनाने चांगले, पण त्यांची समजूत अशी की तिला पाया नाही. पेला आणि पेन यांची हकिगत ऐकल्यावर त्यांनीच मार्ग सुचवला. प्रत्येक प्रकरणाच्या आधी पंधरा-वीस संज्ञा फळ्यावर दोन रकान्यांत, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी. वहीतही तसेच. ती शाखा न बदलता राहिली आणि वर्षाअखेर भौतिकशास्त्रात उत्तीर्ण झाली. फार मोठे गुण मिळाले नाहीत. त्याच वर्गातला एक मुलगा मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर परतलाच नाही. तो कोणाकडे अर्ज घेऊन गेला नव्हता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागली आणि पुढे नाव कमी झाले.

गप्प राहण्याबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. स्टीफन क्रॅशेन यांनी दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या मूक काळाकडे लक्ष वेधले होते. त्या काळात मूल ऐकत असते, साठवत असते, बोलत नसते. त्यांच्या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली. तरी भीती वाढली की भाषा आत शिरत नाही, हे त्यांचे निरीक्षण कोणत्याही शिक्षकाला पटेल. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात, हे मोजले. सरासरी वेळ सुमारे एक सेकंद निघाला. तो तीन सेकंदांच्या पुढे गेल्यावर उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ती मुले बहुतांशी स्वतःच्या भाषेत उत्तर देणारी होती. आमच्या मुलाला प्रश्न इंग्रजीत ऐकायचा, मराठीत समजायचा, मराठीत उत्तर शोधायचे, ते इंग्रजीत बांधायचे आणि साठ जणांसमोर उभे राहून उच्चारायचे असते. त्याला एक सेकंद देऊन आपण ‘नेक्स्ट’ म्हणतो.

मग करावे काय? आमच्याकडे एकदा असा प्रस्ताव आला होता की इंग्रजी माध्यमाच्या तासांना मराठीचा एकही शब्द उच्चारू नये. प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. या मुलांच्या कानावर इंग्रजी वर्गात पडले नाही, तर ते पडणार कोठे? हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे त्याचे मराठी भाषांतर जोडणारा शिक्षक मुलांचे नुकसानच करतो, कारण मुले इंग्रजी ऐकणे सोडून मराठीची वाट पाहू लागतात. पण बंदी हे त्यावरचे उत्तर नव्हे. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी 1994 च्या सुमारास एका भाषेत वाचणे-ऐकणे आणि दुसरीत लिहिणे-बोलणे अशी जाणीवपूर्वक आखणी मांडली. भाषांतरापासून ती वेगळी आहे. उतारा इंग्रजीत वाचावा, शेजाऱ्याशी दोन मिनिटे मराठीत चर्चा करावी, उत्तर इंग्रजीत लिहावे. प्रत्येक टप्प्यावर काम बदलते, त्यामुळे मुलाला आयते काही मिळत नाही, आणि विचार करायला मात्र स्वतःची भाषा मिळते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही वर्गातल्या बहुभाषिकतेला अडचण न मानता साधन मानले आहे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. एका वेळी एकाच प्रकारच्या चुका तपासाव्यात. लाल शाईने भरलेल्या पानावरून मूल काहीच शिकत नाही, फक्त वही मिटते. बोलताना अर्थ पोहोचला असेल तर वाक्य तोडू नये, आपल्या उत्तरात त्याचे शुद्ध रूप सहज येऊ द्यावे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन ध्वनींसाठी मराठीत एकच ‘व’ आहे, तेव्हा उच्चारांवरून कोणाला उभे करू नये. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांतून असा प्रयोग केला की नियम न शिकवता नकाशे, वेळापत्रके यांसारख्या गोष्टींतले प्रश्न मुलांना इंग्रजीतून सोडवायला द्यायचे. मन अर्थात गुंतले की भाषा मागोमाग येते, हा त्यामागचा विश्वास. एस. टी.चे वेळापत्रक तर आमच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. तेथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

सर्वांना सारखेच शिकवतो, त्यात भेदभाव कसला, असे काही शिक्षक प्रामाणिकपणे विचारतात. 1974 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांतल्या, इंग्रजी न समजणाऱ्या चिनी मुलांना इतरांसारखीच इमारत, पुस्तके आणि शिक्षक मिळत होते. न्यायालयाने म्हटले की ज्यांना भाषाच कळत नाही, त्यांना तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. तो निकाल तिकडच्या कायद्याचा आहे. त्यातला विवेक कोणत्याही वर्गाला लागू पडावा.

शेवटी आमच्याच घरातली गोष्ट. आतापर्यंत आम्ही ‘मातृभाषा मराठी’ असे सरसकट म्हणत आलो, ते पूर्ण खरे नाही. वर्गात अहिराणी बोलणारी मुले असतात, गोरमाटी बोलणारी असतात, कोरकू, गोंडी, पावरी बोलणारी असतात. पुस्तकातली प्रमाण मराठी ही त्यांच्यापैकी अनेकांची दुसरी भाषा आहे, आणि इंग्रजी तिसरी किंवा हिंदी धरून चौथी. ‘आनी-पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसणारा मराठीचा वर्ग आणि ‘माय फादर आर’ला हसणारा इंग्रजीचा वर्ग यांच्यात तत्त्वतः फरक नाही. इंग्रजीच्या शिक्षकांनी मुलाच्या मराठीचा आदर करावा, अशी मागणी करताना आपण त्याच्या अहिराणीचे काय करतो, हा हिशेब मराठीच्या शिक्षकांना चुकवता येणार नाही.

मराठी साहित्याच्या आणि इंग्रजी साहित्याच्या वाचकांना, विशेषतः जे उद्या शिक्षक होणार आहेत त्यांना, आमची एक विनंती आहे. कवितेतली एखादी ओळ व्याकरण मोडून आली की आपण थांबतो, कवीला येथे काय म्हणायचे असेल असे विचारतो आणि त्यावर दोन तास बोलतो. विद्यार्थ्याच्या वहीतली मोडकी ओळ निदान एकदा तरी तेवढ्याच धीराने वाचावी. तिच्यामागे बहुधा एक शाबूत भाषा उभी असते.